पुण्याच्या टेकडीवर निसर्ग शिकायचाय? अशी करा सुरुवात

वेताळ टेकडीवर मी अकरा वर्षं फिरायला जात होते. एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेच्या बाजूने चढायचं, वेताळबाबाला हात जोडायचे, खाणीपाशी पाच मिनिटं टेकायचं आणि उतरायचं. एवढ्या वर्षांत त्या टेकडीवरची तीन झाडं मला नावाने माहीत होती. मग एका फेब्रुवारीत एक मैत्रीण मला मोठ्यांसाठीच्या निसर्गवर्गाला घेऊन गेली. शिकवणारे सर पहिल्या वीस मिनिटांत पन्नास पावलंही पुढे गेले नाहीत. एका कातळाच्या आडोशाला उकिडवे बसले आणि म्हणाले, "इथे बघा."

तिथे भुसभुशीत कोरड्या मातीत शंकूच्या आकाराचे बारके खळगे होते. काही हरभऱ्याच्या दाण्याएवढे, काही रुपयाच्या नाण्याएवढे. आम्ही बारा जण गुडघ्यांवर बसून बघत राहिलो. थोड्या वेळाने एक मुंगी एका खळग्याच्या काठावर आली आणि आत घसरली. ती वर चढू बघते, तर पायाखालची माती सुटते. तेवढ्यात तळातून मातीचा फवारा उडाला, मुंगी पुन्हा खाली आली, आणि मातीतून चिमट्यासारखे दोन जबडे बाहेर येऊन तिला आत घेऊन गेले. तो अँट लायनचा डिंभ होता, म्हणजे अळीच्या अवस्थेतला कीटक. मोठा झाला की त्याला पंख फुटतात, दिसायला तो चतुरासारखा असतो. फक्त त्याच्या मिशा चांगल्या लांब आणि टोकाला जाड असतात. त्या कातळापाशी मी कितीतरी वेळा बूट झटकले असतील.

त्यानंतरची सहा वर्षं मी अशा वर्गांना जाते आहे, आणि नव्याने येणाऱ्यांना मदतही करते. त्यांना पहिल्या दिवशी जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते. सगळ्यांत महत्त्वाचं आधीच सांगून टाकते: वर्षभर एकच जागा धरा. दर रविवारी नवीन ठिकाण गाठलं तर फोटो पुष्कळ जमतात, ओळख जमत नाही.

कोणता वर्ग घ्यायचा

पुण्यात साधारण तीन प्रकार आढळतील. पहिला प्रकार म्हणजे एका सकाळची फेरी: वृक्षफेरी, पक्षीनिरीक्षण, फुलपाखरं, क्वचित खडक आणि भूरूपं. दुसरा म्हणजे शनिवार-रविवारची मालिका, त्यात आठ-दहा सत्रं असतात आणि मधूनमधून वर्गात बसून शिकवतात. तिसरा म्हणजे रीतसर अभ्यासक्रम. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकणाऱ्या मोठ्या माणसांना परिसरशास्त्र शिकवायची वाट पुण्यात घालून दिली. गरवारे महाविद्यालयात जैवविविधता या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. १८८३ पासून चालत आलेली बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, पक्षी, कीटक, वनस्पती अशा विषयांवर प्रमाणपत्र अभ्यासक्रम घेते आणि त्यांना क्षेत्रभेटींची जोड असते. तुकड्या केव्हा सुरू होतात, फी किती, हे दरवर्षी बदलतं, म्हणून थेट चौकशी करा.

माझं मत विचाराल तर आधी दोन-तीन सुट्या फेऱ्या करा, मग मालिका घ्या. अभ्यासक्रमाचा विचार एक पावसाळा आणि एक हिवाळा बाहेर काढल्यावर. तोवर आपल्याला झाडं जास्त ओढतात की पक्षी, हे कळलेलं असतं. बरीच माणसं पक्ष्यांसाठी येतात आणि गवतात रमतात.

फी भरण्याआधी काय विचारावं

एका शिकवणाऱ्यामागे किती माणसं, हा पहिला प्रश्न. पंधरा ठीक, वीस म्हणजे जरा जास्त, त्यापुढे मागच्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. एकदा मी एका सहलीला गेले होते, तिथे साठ जण आणि एक वाटाड्या होता. त्याने मोबाइलला स्पीकर जोडून पक्ष्याची शीळ वाजवली, पक्षी समोर आला, साठ कॅमेरे चालले. पक्ष्याला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. विणीच्या दिवसांत तो घरटं सोडून भांडायला येतो आणि अंडी-पिल्लं उघडी पडतात. म्हणून दुसरा प्रश्न स्पष्ट विचारा: आवाज वाजवून पक्षी बोलावता का? घरट्यांचे फोटो काढू देता का? "हो" म्हणाले तर दुसरीकडे जा.

चालणं किती, चढ किती आणि वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे, हेही विचारा. बायकांनी हा शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारावा. चार तास पाणी न पिता उन्हात फिरून डोकं दुखत घरी येणाऱ्या कितीजणी मी पाहिल्या आहेत. चांगले आयोजक याचं उत्तर तयार ठेवतात. वनखात्याच्या जागेत जायचं असेल तर परवानगी काढली आहे ना, आणि सोबत प्रथमोपचाराची पेटी आहे ना, तेही.

आणि शिकवणाऱ्याचा अंदाज घ्यायची माझी एक खूण आहे. "हे मला माहीत नाही, बघून सांगतो" असं तो पहिल्याच फेरीत म्हणाला, तर निर्धास्त राहा.

सोबत काय घ्यावं

मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, पायात घट्ट बसणारे बूट, लिटरभर पाणी, वही आणि पेन्सिल. पेन पावसात दगा देतं. अत्तर, डिओ लावून येऊ नका. कारण पुढे येईलच.

दुर्बीण लगेच घेऊ नका. पहिल्या दोन फेऱ्यांत बहुतेक ठिकाणी बघायला मिळते. घ्यायची तेव्हा ८ बाय ४२ घ्या. ८ म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. यापेक्षा जास्त पटीची दुर्बीण नवख्या हातात थरथरते आणि पक्षी सापडत नाही. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी वाटी खाली दुमडा किंवा फिरवून आत घ्या, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असतो, म्हणून उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावा मिटून, उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून उजव्याला स्पष्ट करा. हे एकदाच करायचं. नंतर फक्त मधलं चाक. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवू नका. नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. नवखी माणसं दुर्बीण आधी लावतात आणि मग आभाळभर पक्षी शोधत बसतात.

दुर्बिणीपेक्षा स्वस्त आणि माझ्या लेखी जास्त आनंद देणारी वस्तू म्हणजे दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग. ते डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि फूल हळूहळू जवळ आणायचं. गवताचं फूल असं बघा. ज्याला आपण नुसती काडी समजतो तिच्यातून जांभळे केसाळ तुरे आणि दोऱ्याला लटकलेले परागकोश बाहेर आलेले दिसतात.

पहिल्या सकाळी

वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा. सूर्य वर आला की पक्षी गप्प होतात आणि उशिरा येणाऱ्यासाठी थांबलेल्या गटाची खरी वेळ निघून जाते. मोबाइल शांत ठेवा. बोट दाखवताना हात झटकन वर करू नका. "उंबराच्या डाव्या फांदीवर, घड्याळात दहा वाजतात तिथे" असं हळू आवाजात सांगायची सवय लावा.

सगळी नावं लिहून घ्यायच्या मागे लागू नका. पहिल्या दिवशी पाच पुरेत, पण ती पाच अशी की दुसऱ्या दिवशी एकटं गेल्यावरही ओळखता येतील. नावाबरोबर तारीख, वेळ, हवा, जागा आणि एक वेडंवाकडं का होईना चित्र. चित्र काढायला लागलं की पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, कडा सरळ आहे की करवतीसारखी, हे बघावंच लागतं.

नमुन्यादाखल फेब्रुवारी-मार्चमधला एक धडा देते. या दिवसांत तीन झाडं निष्पर्ण होऊन लाल-केशरी फुलतात आणि नवखा माणूस तिन्हींना पळस म्हणतो. खरा पळस केशरी असतो. फूल पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं, खालची वाटी काळपट मखमली आणि झाडाला काटे नाहीत. पांगाऱ्याची लालभडक फुलं फांदीच्या टोकाला गुच्छाने येतात, एक पाकळी बाकीच्यांपेक्षा खूप मोठी असते, आणि फांद्यांवर बारीक काटे असतात. काटेसावरीचं फूल तळहाताएवढं, जाड मांसल पाच पाकळ्यांचं, मध्ये पुंकेसरांचा झुबका. ते खाली पडतं तेव्हा आवाज येतो. तिच्या बुंध्यावर शंकूसारखे मोठे काटे असतात. पानं आल्यावर बघाल तर पळस आणि पांगारा यांना तीन-तीन पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे सुटे भाग, आणि सावरीला पंजासारख्या पाच ते सात. आता तिन्हींखाली पंधरा-पंधरा मिनिटं उभे राहा. मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे, पळसमैनांचे थवे, मधमाश्या, खारी. पानझडीच्या ऐन कोरड्या दिवसांत ही झाडं एवढ्यांना मध पाजतात. झाडांचा आणि पक्ष्यांचा वर्ग वेगळा नसतो, हे मला तिथे कळलं.

जागा कोणती धरावी

घरापासून पायी किंवा एका बसने जाता येईल ती. कोथरूड, पाषाण, औंध, सेनापती बापट रस्ता इथल्यांना वेताळ टेकडी, सहकारनगर-धनकवडीवाल्यांना तळजाई-पाचगाव, बाणेरकरांना बाणेर-पाषाणची टेकडी. चढ झेपत नसेल तर एम्प्रेस गार्डनमधले जुने वृक्ष आहेत. गणेशखिंडचं १८७३ चं उद्यान आता जैविक वारसा स्थळ आहे. पाण्याकाठच्या पक्ष्यांसाठी पाषाण तलाव, आणि हिवाळ्यात सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडचं कवडी. कवडीच्या बंधाऱ्यावर मुळा-मुठेचं पाणी काळं आणि फेसाळ असतं, वास येतो, आणि तरी तिथे चक्रवाक, शेकाटे, थापट्या बदकं उतरतात. तिथे उभं राहून आनंद आणि शरम दोन्ही वाटतं. शिकवणाऱ्याने नदीबद्दल बोलणं टाळलं तर तुम्ही विचारा.

पुणेकरांचं एक भाग्य शिकवणारे सांगतातच, पण ते नकाशा उघडून बघा. पश्चिमेला ताम्हिणी घाटात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, शहरात सरासरी ७०० च्या आसपास, आणि पूर्वेला सुप्याकडे त्याहूनही कमी. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासात सदाहरित जंगल, पानझडी टेकड्या आणि चिंकारा-लांडग्यांची गवताळ माळरानं. पायाखाली मात्र सगळीकडे तोच काळा बसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणूनच "ही टेकडी उघडीबोडकी आहे, झाडं लावा" असं कुणी म्हटलं की जरा थांबावं. पावसाच्या या मधल्या पट्ट्यात गवत आणि विरळ झाडी हेच कितीतरी ठिकाणचं मूळ रूप आहे. आपल्या टेकड्यांवर हिरवं करायचं म्हणून मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी, भरपूर लावलं गेलं. त्याच्या दाटीत एकदा उभे राहा आणि नंतर सालई, मोई, मेडशिंगीच्या उघड्या उतारावर उभे राहा. दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं किती प्रकारचे आवाज येतात ते मोजा. कुणाला व्याख्यान द्यावं लागत नाही.

वर्षभर काय बघायला मिळतं

जूनच्या सुरुवातीला, पहिल्या सरींच्या आगेमागे, नवरंग पक्षी टेकड्यांवर येतो. दोन सुरांची त्याची स्पष्ट शीळ पहाटे आणि संध्याकाळी ऐकू येते. दिसतो मात्र जमिनीवर पाचोळा उलटताना. पावशाचं "पेर्ते व्हा" त्याआधीपासून चालू असतं. चातकही याच सुमारास. जुलै-ऑगस्टमध्ये विहिरींवर आणि ओढ्याकाठच्या बाभळींवर सुगरणीचे खोपे विणून होतात, टेकडीवर कळलावी पेटते. ती सुंदर आहे आणि सगळीच्या सगळी विषारी आहे, कंद तर जास्तच.

या दिवसांत आमच्या गटात वेल्ह्याकडच्या एक मावशी यायच्या. सर कुर्डूचं शास्त्रीय नाव सांगत होते. मावशी म्हणाल्या, "कोवळा असताना भाजी करतो आम्ही ह्याची. असा तुरा आला की मग नाही." सरांनी खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं. असे वर्ग मला आवडतात. तरी एक सांगते, टेकडीवरून रानभाजी खुडून आणू नका. ओळखीत चूक झाली तर जिवावर बेतेल, आणि पाच हजार फिरणाऱ्यांनी मूठ-मूठ खुडली तर तिथे काय राहील?

ऑक्टोबर फुलपाखरांचा आणि कोळ्यांचा. गवतं पिकतात, कुसळी गवताची कुसळं मोज्यांत घुसतात. एक कुसळ ओलं करून तळहातावर ठेवा. ते पीळ सोडत स्वतःभोवती फिरतं. याच युक्तीने बी जमिनीत शिरतं. सप्टेंबरपासून धोबी पक्षी गच्च्यांवर शेपटी हलवू लागलेले असतात. त्यांच्या मागोमाग हिवाळी पाहुणे येत राहतात आणि जानेवारीत पाणथळी भरलेल्या असतात. भिगवणचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला सगळे तेव्हाच पळतात. जा, पण आपल्या जागेची फेरी चुकवू नका.

उन्हाळा बहुतेक लोक सोडून देतात आणि तिथेच चुकतात. पानं गळल्यावर झाडाचा सांगाडा, साल आणि घरटी उघडी पडतात. सिंहगडाच्या बाजूला कांडोळ बघा: साल पांढरी, गुळगुळीत, कागदासारखी सुटणारी. चांदण्यात तो असा काही चमकतो की त्याला भुत्या का म्हणतात हे विचारावं लागत नाही. सोनसावर पिवळी फुलते, एप्रिल-मेमध्ये रस्त्यांवर बहावा, आणि ताम्हण, आपलं राज्यफूल.

सुरक्षित राहायचं तर

खरा धोका आग्यामोहोळाचा. कड्यांवर आणि उंच झाडांवर पोळी असतात. उग्र वास, धूर आणि गोंगाट यांनी माश्या उठतात. अत्तर नको म्हटलं ते याचसाठी. उठल्याच तर तोंड-डोकं कपड्याने झाका आणि न थांबता लांब पळा. हात झटकत उभं राहू नका. घोणस आणि फुरसं टेकड्यांवर असतात. दगडाखाली हात घालू नका, दाट गवतात पाय टाकण्याआधी बघा, अंधारात विजेरी लावा. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नको. माणसाला हालचाल करू देऊ नका आणि सरळ मोठं रुग्णालय गाठा. पावसाळ्यात विजार मोज्यांत खोचा, गोचीड चढत नाहीत. लहान मुलांना आणि कुत्र्याला या वर्गांना आणू नये. तुमचंच लक्ष तिकडे राहतं.

नावं आणि नोंदी

मराठी नावांनी सुरुवातीला गोंधळ होतो. एकाच पक्ष्याला कुणी शिंजीर म्हणतं, कुणी सूर्यपक्षी; लॅनिया या झाडाला मोई, शेमट, शिमटी. सगळी नावं बरोबर आहेत, आणि आपल्या आजीचं नाव कधी सोडू नये. फक्त वहीत शेजारी शास्त्रीय नाव लिहा, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाशी बोलणं जुळतं.

मोबाइलवर दोन ठिकाणी नोंदी ठेवता येतात. पक्ष्यांसाठी ई-बर्ड, बाकी सगळ्यासाठी आय-नॅचरलिस्ट. झाडाचा फोटो टाकताना एकच लांबचा फोटो उपयोगाचा नाही: पानाची वरची बाजू, खालची बाजू, साल, फूल किंवा फळ, आणि पूर्ण झाड. अ‍ॅपने सुचवलेलं नाव लगेच मान्य करू नका. पुढच्या वर्गात सरांना किंवा मॅडमना दाखवा. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभर पक्षीगणना होते. आपल्या गॅलरीतून पंधरा मिनिटं मोजूनही तिच्यात भाग घेता येतो. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा कबुतरं, कावळे, घार, तांबट, जांभळा शिंजीर, दयाळ आणि एक वेडा राघू एवढे नोंदवले. घर तेच होतं, बघणं बदललं होतं.

वर्गाच्या दोन सत्रांच्या मध्ये किमान एकदा त्याच वाटेने एकटं जा. वाटेत एक झाड निवडा आणि दर आठवड्याला त्याचं एवढंच लिहा: पालवी, कळी, फूल, फळ, पानगळ, त्यावर कोण बसलं. माझं झाड मेडशिंगी आहे. फांदीवर वाकड्या शिंगांसारख्या शेंगा लटकतात, त्यावरून तिचं नाव पडलं. सहा वर्षांच्या वह्यांमध्ये तिची पहिली पालवी दरवेळी वेगळ्या आठवड्यात आहे.

आणि पुढच्या जूनमध्ये, रेडिओवर मॉन्सून केरळात पोचल्याचं ऐकलंत की सकाळी साडेपाचला टेकडीच्या झाडीतल्या वाटेवर जाऊन उभे राहा. दोन सुरांची शीळ. नवरंग पटकन दिसणार नाही, पण ऐकू येईल, आणि तो कोण आहे ते तुम्हाला माहीत असेल.